वाळवंटातील झाडांचा अभ्यासक : फादर एथेलबर्ट ब्लॅटर



उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमान आपल्याला दरवर्षी एकाच ठिकाणी घेऊन जाते. प्रभू येशू चाळीस दिवस जिथे राहिला, त्या ओसाड जागी. आपल्या मराठी बायबलमध्ये त्या जागेसाठी 'अरण्य' किंवा 'रान' हे शब्द वापरलेले आहेत. त्यामुळे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना चित्र काढायला सांगितले, तर ती गर्द झाडी काढतात, क्वचित एखादा वाघही काढतात! आम्हाला त्यात मुलांची चूक वाटत नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला रान म्हटले की हिरवेच आठवणार. पण यहुदियाचे ते रान म्हणजे दगड, माती आणि ऊन. तिथे झाडे नसतात असे मात्र नाही. असतात, पण वेगळी असतात.

एलीया संदेष्टा जीव वाचवण्यासाठी पळाला आणि थकून एका झुडपाखाली बसला, ही कथा राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात आहे. मराठी बायबलमध्ये त्या झुडपाला रताम म्हटले आहे. हे झुडूप आजही सिनाय आणि अरबस्तानच्या बाजूला उगवते. त्याला पाने जवळजवळ नसतातच. हिरव्या बारीक काड्यांचा एखादा मोठा खराटा उलटा रोवावा तसे ते दिसते. त्याची सावली ती काय पडणार? विरळ जाळीसारखी. एलीयाला मिळालेली सावली अशी होती हे कळले की तो अध्याय वेगळा वाटू लागतो.

अशा झाडांच्या मागे आयुष्याची अनेक वर्षे घालवणारा एक धर्मगुरू आपल्या मुंबईत होऊन गेला. त्यांचे नाव फादर एथेलबर्ट ब्लॅटर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात 'ब्लॅटर हर्बेरियम' नावाचा विभाग आहे. आपल्याकडची कितीतरी मुले त्या महाविद्यालयात शिकून बाहेर पडली, त्यांनी ते नाव दारावर वाचलेले असेल. या आठवड्याच्या पाठात त्या नावामागच्या माणसाची ओळख करून घेऊ.

बर्फाच्या देशातून

ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणीच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही, पण त्या काळी स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेनेच येशूसंघाच्या कार्यावर बंदी घातलेली होती. ही बंदी १८४८ पासून होती आणि ती उठली १९७३ साली. म्हणजे स्विस मुलाला येशूसंघीय व्हायचे असेल तर त्याने देश सोडायचा, हे ठरलेलेच. शेजारच्या जर्मनीतही १८७२ पासून १९१७ पर्यंत संघावर बंदी होती. मुंबईचे मिशन तेव्हा जर्मन येशूसंघीयांकडे होते आणि झेवियर्स महाविद्यालयही त्यांनीच १८६९ साली सुरू केले होते. घरच्या देशात ज्यांना जागा नव्हती, त्यांपैकी कितीतरी जण अशा प्रकारे आपल्याकडे आले. ब्लॅटर १९०३ साली मुंबईत पोहोचले, तेव्हा ते पंचविशीत होते आणि त्यांची गुरुदीक्षा अजून व्हायची होती.

मुंबईत आल्यावर त्यांनी सुरुवात कुठून केली? आपल्या खाडीतून! १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा मुंबई इलाख्यातील तिवरांवरचा लेख प्रसिद्ध झाला. वरवर पाहता तिवर म्हणजे पाण्यात उभे असलेले झाड, वाळवंटाशी त्याचा काय संबंध? पण खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या झाडाची अडचण वाळवंटातल्या झाडासारखीच असते. भोवती पाणी आहे, पण ते सहज घेता येत नाही. तिवराची पाने जाड, चकचकीत, पाणी जपून वापरणारी असतात ती याच कारणाने. ब्लॅटर यांना पुढे ज्या प्रश्नाने आयुष्यभर धरून ठेवले, तो त्यांना प्रथम चिखलात भेटला असे आम्हाला वाटते.

पुढे ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले. त्या मुक्कामात लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेले सुकवलेल्या वनस्पतींचे संग्रह त्यांनी पालथे घातले. एडनच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९१४ ते १९१६ या काळात भारतीय वनस्पती सर्वेक्षणातर्फे छापला गेला. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि मुंबईतील जर्मन धर्मगुरूंवर संकट आले. ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले, पुढे अनेकांना मायदेशी पाठवले. ब्लॅटर स्विस, म्हणजे तटस्थ देशाचे नागरिक, म्हणून त्यांना काम करता आले. ज्यांच्यासोबत ते या देशात आले होते त्यांतले बरेच जण नाहीसे झाले होते आणि महाविद्यालय मोजक्या माणसांवर चालले होते. अशा वेळी या धर्मगुरूंनी थरच्या वाळवंटात जाण्याचे ठरवले.

जोधपूर आणि जैसलमेर

१९१७ सालच्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॉलबर्ग यांनी जोधपूर आणि जैसलमेर संस्थानांत वनस्पती गोळा करण्यासाठी दौरा केला. जैसलमेरला तेव्हा रेल्वे नव्हती, ती पन्नास वर्षांनी आली. लोहमार्ग संपला की पुढे उंट.

वर्षही असे निवडले गेले, किंवा देवाने निवडून दिले, की विचारू नका. १९१७ साली देशभर पाऊस फार मोठा झाला होता. एरवी जैसलमेरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा मुंबईत जुलैच्या दोन-तीन दिवसांत पडून जातो. त्या वर्षी मात्र वाळवंट भिजले होते. आणि लगेच पुढच्याच वर्षी, १९१८ साली, पावसाने दगा दिला आणि देशात भीषण अवर्षण पडले. दौरा एक वर्ष उशिरा निघाला असता, तर या दोघांच्या हाती फारच थोडे लागले असते.

असे का, ते समजून घेण्यासारखे आहे. वाळवंटातील अनेक लहान वनस्पती बीच्या रूपानेच आयुष्याचा बहुतेक काळ काढतात. बी वाळूत पडून राहते, कधी एक वर्ष, कधी अनेक वर्षे. थोड्या शिडकाव्याने ते फसत नाही. अशा अनेक बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्ये असतात, आणि पुरेसा पाऊस पडून ती धुऊन गेली तरच अंकुर बाहेर येतो. मग मात्र घाई! काही आठवड्यांत रोप, फूल, बी, आणि खेळ संपला. कोरड्या वर्षी कुणी तिथे गेले तर त्याला वाटेल, येथे काहीच नाही. असते सारे, पण पायाखाली.

दुसऱ्या प्रकारची झाडे उघड्यावर उभी राहून तोंड देतात. खेजडीचे उदाहरण घ्या. ही म्हणजे आपली शमी, दसऱ्याच्या कथेतली. तिची मुळे वीस-तीस मीटर खोल जाऊन पाणी शोधतात, त्यामुळे भर उन्हाळ्यात, सगळे करपलेले असताना, तिला नवी पालवी फुटते. तिच्या पाल्यावर शेळ्या-उंट जगतात, शेंगांची भाजी होते, आणि तिच्या सावलीत बाजरी अधिक चांगली येते म्हणून शेतकरी शेतात तिला राखतो. दुष्काळात तिची साल दळून माणसांनी खाल्ल्याच्या नोंदी आहेत. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली या झाडांना मिठी मारून ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, त्यामागे हे सारे होते. झाड गेले तर घर गेले, हे त्या लोकांना ठाऊक होते.

कैर म्हणजे आपल्याकडे कोरड्या माळावर दिसणारी नेपती. तिने पानांचा मोहच सोडला. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून पानाचे काम हिरव्या फांद्यांवर सोपवले. खिंप नावाचे झुडूपही तसेच, आणि ते पाहिले की एलीयाच्या रतामाची आठवण व्हावी इतके ते त्या घडणीचे आहे. दोघे वेगवेगळ्या कुळांतले, पण उन्हाने दोघांना एकाच साच्यात घातले. फोग वाळूच्या टेकड्यांवर उभा राहतो आणि वाळू वाऱ्याने अंगावर आली तरी तिच्यातून पुन्हा वर येतो. सेवण गवताच्या मुळांचे जाळे वाळूला धरून ठेवते. कडू इंद्रावण तर आपल्या ओळखीचे. त्याची वेल वाळूवर पसरते, आणि वेल वाळली की तिची पिवळी गोल फळे वाऱ्याबरोबर गडगडत जाऊन बी दूरवर टाकतात.

ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांनी नुसती नावे लिहिली नाहीत. कोणते झाड वाळूत, कोणते बारीक खडीवर, कोणते खडकात, कोणते वस्तीच्या आसपास, कोणते पाणथळीत, अशी त्यांनी वर्गवारी केली. वरून एकसारखे दिसणारे वाळवंट झाडांच्या दृष्टीने एक नसते, हे त्यातून स्पष्ट झाले. 'भारतीय वाळवंटातील वनस्पती' या अर्थाच्या शीर्षकाखाली हे लेखन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१८ ते १९२१ या काळात क्रमशः आले. त्यात विज्ञानाला नवीन असलेल्या काही वनस्पतीही होत्या. पुलिकारिया राजपुतानी हे एक पिवळ्या फुलांचे झुडूप, त्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांची नावे लिहिली जातात.

आता नमुना तयार करण्याच्या कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते हाताचे काम आहे आणि वाचताना लक्षात येत नाही. झाडाची फूल-फळ असलेली फांदी घ्यायची, कागदांच्या घडीत पसरायची, वर वजन ठेवून दाबायची, कागद दमट झाले की बदलायचे. मुंबईच्या दमट हवेत हे रोज करावे लागते, नाहीतर बुरशी येते. वाळवंटात ते लवकर वाळते. पण थोर किंवा लाणा यांसारख्या रसाळ झाडांची गंमत अशी की कागदात दाबली तरी ती मरत नाहीत, आतल्या पाण्यावर जगत राहतात! त्यांना आधी उकळत्या पाण्यात बुडवावे लागते. मग वाळलेला नमुना जाड कागदावर शिवायचा किंवा डकवायचा, आणि कोपऱ्यात चिठ्ठी. नाव, ठिकाण, तारीख, जमीन कशी, कोणी गोळा केले. ही चिठ्ठी नसेल तर नमुना म्हणजे नुसता वाळका पाला. दिवसभर उंटावर बसून आल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात कोणीतरी बसून ती चिठ्ठी लिहिली पाहिजे. या शास्त्राची खरी तपश्चर्या आम्हाला तिथे दिसते.

सबनीस यांचा वाटा

या कामात एका मराठी आडनावाचाही वाटा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. टी. एस. सबनीस यांनी भारतीय वाळवंटातील वनस्पतींची पाने आणि खोडे यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासले आणि त्यावर १९१९ ते १९२१ दरम्यान मोठी लेखमाला लिहिली. पानावरची मेणासारखी जाड त्वचा, खळग्यात दडलेली रंध्रे, लवीचे पांघरूण, पाणी साठवणाऱ्या पेशी, हे सगळे त्यांनी एकेका वनस्पतीत तपासले. पुढे सिंधू नदीच्या त्रिभुज प्रदेशातील वनस्पतींवर ब्लॅटर, चार्ल्स मॅक्कॅन आणि सबनीस अशा तिघांनी मिळून लिहिले.

फादर ब्लॅटर यांच्या लेखनावर पुन्हा पुन्हा सोबत्यांची नावे दिसतात. हॉलबर्ग, सबनीस, मॅक्कॅन, द आल्मेडा, फर्नांडिस. आपले एकट्याचे नाव वर राहावे म्हणून त्यांनी इतरांचा वाटा झाकला असे दिसत नाही. मॅक्कॅन हा तर कोवळ्या वयात त्यांच्या हाताखाली आलेला मुलगा, तो पुढे स्वतः नावाजलेला निसर्ग-अभ्यासक झाला.

एडन, अरबस्तान, सिंध, राजपुताना, आणि पुढे वायव्य सरहद्दीवरचे वझिरीस्तान, हे सारे नकाशावर ओळीने मांडून पाहावे. सहारापासून आपल्या अरवलीपर्यंत पसरलेला हा एकच कोरडा पट्टा आहे. थरमधली कितीतरी झाडे अरबस्तानात सापडतात. ब्लॅटर यांनी या पट्ट्याचे तुकडे एकेक करून लिहून काढले. 'फ्लोरा अरेबिका' हा त्यांचा ग्रंथ १९१९ पासून भागाभागाने निघू लागला आणि शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १९३६ साली आला. तो मुख्यतः इतर प्रवाशांनी आणलेल्या, संग्रहालयांत ठेवलेल्या नमुन्यांवरून लिहिलेला आहे, म्हणून राजपुतान्याच्या लेखांत जो चालून-पाहून आलेला ताजेपणा आहे तो त्यात नाही. पण ज्या प्रदेशात तेव्हा परक्या माणसाला सहज जाता येत नव्हते, तिथल्या झाडांची विखुरलेली माहिती त्यामुळे एका जागी आली.

१९१९ साली ते झेवियर्सचे प्राचार्य झाले आणि १९२४ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. युद्धानंतर मिशन जर्मन धर्मगुरूंकडून स्पॅनिश धर्मगुरूंकडे जात होते. अशा काळात प्राचार्याच्या खुर्चीवर बसून कोणी गवतांवर लिहीत राहील असे वाटत नाही, पण लेख येतच राहिले. भारत आणि सिलोनमधील ताड-माडांवरचा ग्रंथ १९२६ साली आला, काश्मीरच्या फुलांवरची दोन सचित्र पुस्तके १९२७-२८ मध्ये. पाचगणीच्या पठारावर त्यांनी आणि मॅक्कॅन यांनी शोधलेल्या एका कंदीलपुष्पाला त्यांनी त्या गावाचेच नाव दिले. बंगालच्या एशियाटिक सोसायटीने योहान्नेस ब्रूल स्मृतिपदक सुरू केले, त्याचे पहिले मानकरी १९३२ साली फादर ब्लॅटर ठरले. २६ मे १९३४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुंबई इलाख्यातील गवतांवरचे मॅक्कॅन यांच्यासोबतचे पुस्तक दुसऱ्या वर्षी छापून आले.

काही जण विचारतात, धर्मगुरूने हे करावे का? आत्म्यांची काळजी सोडून गवताच्या काड्या? आम्हाला हा प्रश्न अप्रामाणिक वाटत नाही, त्या काळीही तो विचारला गेला असेल. पण देवाने निर्माण केलेल्या एका काडीला दुसरीपासून नीट ओळखणे हे काम कमी दर्जाचे कसे, हे आम्हाला कोणी पटवून दिलेले नाही. आणि गवत ही काही शोभेची गोष्ट नव्हे. वाळवंटात सेवण गवत आहे म्हणून गाय आहे, गाय आहे म्हणून दूध आहे. भुरुट नावाचे काटेरी बीचे गवत अंगाला चिकटून जीव नकोसा करते, पण दुष्काळात लोकांनी त्याचेच बी वेचून भाकरी केली आहे.

शंभर वर्षांनंतर

ज्या वाळवंटाची यादी १९१७ साली झाली, ते वाळवंट आता तसे राहिलेले नाही. विलायती बाभूळ, जिला आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात, ती परदेशातून आणून लावली गेली. जोधपूर संस्थानाने १९४० साली तिला राजवृक्षाचा मान दिला. ती इतकी माजली की स्थानिक झाडांना जागा उरेना. १९५८ साली ज्या कालव्याचे काम सुरू झाले आणि ज्याला पुढे इंदिरा गांधी कालवा असे नाव मिळाले, त्याने हिमालयाचे पाणी जैसलमेरच्या वाळूत आणले. शेती आली, लोकांची तहान भागली, त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण त्याबरोबर पाणी साचलेल्या आणि मिठाने पांढऱ्या पडलेल्या जमिनीही आल्या, आणि वाळूत राहणारी झाडे मागे सरली. फोगाची मुळे सरपणासाठी आणि कोळशासाठी उपटली गेली. अलीकडे सौर ऊर्जा प्रकल्पांसाठी खेजडी तोडली जाते म्हणून बिकानेर भागात आंदोलने झाली आहेत. सूर्यप्रकाशापासून वीज हवीच, पण खेजडीही हवी, आणि दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे आहे.

अशा वेळी पूर्वी कुठे काय होते, हे ठामपणे सांगायचे तर पुरावा लागतो. तो पुरावा जुन्या याद्यांत आणि चिठ्ठी लावलेल्या वाळक्या फांद्यांत आहे. झेवियर्समधील संग्रहात आज दीड लाखांहून अधिक नमुने आहेत. ब्लॅटर यांच्यानंतर तो संग्रह वाढवणारे फादर हर्मेनगिल्ड सांतापाव हेही येशूसंघीय, मूळचे स्पेनचे, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांच्या पुस्तकाविषयी पुन्हा केव्हातरी लिहू.

ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांचा दौरा एका मोसमापुरता होता, त्यामुळे त्यांची यादी अपुरी राहणे स्वाभाविक होते. उन्हाळ्यात आणि वसंतात फुलणारी कितीतरी झाडे त्यांना फुलांत दिसलीच नसणार. जोधपूर विद्यापीठाचे प्रा. एम. एम. भांडारी यांनी वर्षानुवर्षे त्याच वाळूत फिरून नवे पुस्तक लिहिले आणि ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. शंखपुष्पीच्या जातकुळीतील, थरमध्ये उगवणाऱ्या एका वनस्पतीला भांडारी यांनी कॉन्व्हॉल्व्ह्युलस ब्लॅटेरी असे नाव दिले आहे.